डोळे मिटून पाजलेले दूध



गेल्या महिन्यात गडमुडशिंगीहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या घरची कापडाची पेढी शेजारच्या गांधीनगरच्या बाजारपेठेत आहे. पेढीमागच्या गोदामात, गाठींच्या आडोशाला एका मांजरीने चार पिल्ले घातली. पिल्लांचे डोळे उघडले, ती धडपडत चालू लागली, आणि त्याच सुमारास रस्त्यावर वाहनाखाली सापडून त्यांची आई गेली. भगिनींनी पिल्ले घरी आणली. घरच्या म्हशीचे दूध, निम्मे पाणी आणि चिमूटभर साखर असे मिश्रण त्यांना चमच्याने पाजले. दुसऱ्या दिवशी पिल्लांना हिरवट-पिवळी हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी त्यांतील एक गेले. उरलेली तीन पशुवैद्यांच्या उपचाराने वाचली आहेत. आता त्यांना काय आणि किती द्यावे, हा भगिनींचा पहिला प्रश्न. ती मोठी झाल्यावर मांस मागतील, तेव्हा आपल्या घराने काय करावे, हा दुसरा. गेलेल्या पिल्लाचा दोष आपल्याला लागेल काय, असे एक वाक्य पत्राच्या शेवटी, खोडून पुन्हा लिहिलेले आहे.

दोषाचा निर्णय देण्याचा अधिकार या सदराला नाही. तो प्रश्न त्यांनी गुरुमहाराजांपुढे ठेवावा. पण त्यांनी जे केले ते आपल्यापैकी नव्वद घरांत झाले असते, एवढे निश्चित सांगता येईल. मांजर म्हटले की दुधाची वाटी, हे समीकरण आपण लहानपणापासून चित्रांत पाहतो, गोष्टींत ऐकतो. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणत आलो. पिल्लांच्या बाबतीत मात्र डोळे मिटून दूध पाजतो ते आपण.

त्यातून हे कोल्हापूर. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन उभ्या उभ्या पेला रिकामा करणारी माणसे ज्या गावात आहेत, तेथे दूध बाधते हे कोणाला पटवावे? गडमुडशिंगी तर दुधाच्या अर्थकारणात बुडालेले गाव. जिल्ह्याचा दूधसंघ १९६३ साली स्थापन झाला; आपण त्याला गोकुळ म्हणून ओळखतो. त्या संघाचा पशुखाद्य कारखाना याच गावात आहे. म्हणून येथील वाचकांना एक गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. दुभत्या म्हशीचे खाद्य निराळे आणि लहान वासराचे निराळे, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. एकाच गोठ्यातील, एकाच जातीच्या दोन जनावरांच्या आहारात एवढा भेद आपण मान्य करतो. मग म्हशीचे दूध मांजराच्या पिल्लाला आपोआप मानवेल असे आपण का धरून चालतो?

गाईच्या वासराचे जन्माच्या वेळचे वजन दुप्पट व्हायला सुमारे दीड महिना लागतो. मांजराचे पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे जन्मते आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट होते. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या जिवाला दुधातून प्रथिने भरपूर लागतात. मांजरीच्या दुधात ती सुमारे ७ टक्के असतात. गाईच्या दुधात ती ३ टक्क्यांच्या थोडी वर, म्हशीच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश मात्र असा की चांगला धडधाकट माणूसही दुसऱ्या पेल्याला विचार करतो. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला आहारातूनच मिळावे लागते. ते गाई-म्हशीच्या दुधात फारच थोडे असते. दूध जड पडेल म्हणून आपण त्यात पाणी घालतो, तेव्हा आधीच तोकडी असलेली प्रथिने निम्मी होतात. वर घातलेली साखर आणि दुधातली न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते. पोट टम्म फुगते, पिल्लू भरल्यासारखे दिसते, आणि प्रत्यक्षात ते उपाशी असते. मग जुलाब लागतात. दोनशे-तीनशे ग्रॅमच्या देहात पाण्याचा साठा तो किती! मोठ्या माणसाला जे एका दिवसाचे पोटदुखणे, ते या जिवाला काही तासांचे जीवनमरण ठरते.

दूध पाजण्याआधीचा एक प्रश्न मात्र बहुतेकदा विचारलाच जात नाही. या पिल्लाला आई खरोखर नाही काय? मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे जुनी माणसे म्हणतात, ते उगाच नाही. ती एक-एक पिल्लू उचलून हलवते, आणि मधल्या वेळी उरलेली पिल्ले आपल्याला बेवारस वाटतात. पिल्ले उबदार असतील, पोट भरलेले असेल, एकमेकांना बिलगून शांत झोपली असतील, तर आई जवळपासच आहे. दूर उभे राहून काही तास पाहावे. ती गार पडलेली, मळलेली आणि सतत ओरडणारी असतील, तर हात घालण्याची वेळ आली असे समजावे.

ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. उसाच्या फडात केवळ घरची मांजरे वितात असे नाही. जुन्नर परिसरातील फडांत बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लेही तशीच सापडतात, आणि कित्येकदा बिबट्याची म्हणून गावभर गाजतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेलीही दीड किलोच्या आसपास भरते. तिचे पिल्लू हातात घेतले तर ते रानातले आहे असे सहसा वाटणार नाही. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था अशा वेळी काय करते, ते पाहण्यासारखे आहे. पिल्लांची तपासणी होते आणि मग दूध पाजत बसण्याऐवजी, सांजवेळी त्याच फडात, त्याच जागी पेटीत ठेवून माणसे दूर होतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. आपल्या भागातील शेतकरी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. अंगावर ठिपके वा पट्टे असलेले पिल्लू फडात दिसले तर ते घरी आणू नये, काम थांबवून वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दयाबुद्धीने पाळले तरी तो गुन्हाच ठरतो.

आई खरोखर नसेल, तर पहिले काम दूध पाजण्याचे नाही, ऊब देण्याचे आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान ३५-३६ अंश सेल्सिअस असते आणि ते राखण्याची शक्ती त्याच्यात नसते. त्याच्या भोवतीची हवा ३० अंशांच्या थोडी वर हवी. आपल्याकडे पावसाळ्यात, ओल धरलेल्या गोदामात, ती कितीतरी खाली असते. गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात; तशा वेळी घातलेले दूध पोटातच नासते किंवा श्वासनलिकेत जाते. पिल्लाच्या तोंडात करंगळी घालून पाहावी. आत गार लागले तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून, तास-दोन तास लागले तरी, आधी ते ऊबदार होऊ द्यावे. बाटलीपासून दूर सरकायला जागा ठेवावी, नाहीतर भाजते.

मग दूध. मांजराच्या पिल्लांसाठी तयार केलेली दुधाची भुकटी कोल्हापुरात पाळीव प्राण्यांच्या औषधांच्या दुकानांत मिळते. डब्यावरील घटक वाचून घ्यावेत. बहुतेक भुकट्यांचा पाया गाईच्या दुधातील प्रथिने हाच असतो, पण काहींत अंडे किंवा प्राणिज मेद असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांना निवड करता येते. त्यात मिसळलेले टॉरिन सामान्यतः रासायनिक रीतीने बनवलेले असते. पाणी उकळून कोमट केलेले घ्यावे, आणि गाळलेले-उकळलेले पाणी हे तर आपल्या घरांत वेगळे करावे लागत नाही. भुकटी रात्री मिळालीच नाही, तर एखादी रात्र शेळीच्या दुधावर निभावता येते. एकच रात्र, तो आहार नव्हे.

किती द्यावे, याचे उत्तर व्यापारी घराला सर्वांत सोपे आहे, कारण तराजू घरात आहे. एका वेळी पिल्लाच्या जठरात वजनाच्या दर १०० ग्रॅममागे सुमारे ४ मिलिलिटर दूध सुखाने मावते. दिवसभरात त्याला दर १०० ग्रॅममागे १८ ते २० मिलिलिटर लागते. भगिनींची पिल्ले तीन आठवड्यांची, प्रत्येकी ३०० ग्रॅमच्या घरातली असावीत. म्हणजे दिवसाला साठेक मिलिलिटर, आणि ते पाच-सहा वेळा विभागून. एका वेळी १० ते १२ मिलिलिटर, त्याहून थेंबभर अधिक नाही. भुकटीच्या डब्यावर निराळे प्रमाण लिहिले असेल तर ते मानावे. पिल्लू आणखी मागते, ओरडते, आपले मन विरघळते आणि हात सैल सुटतो. योग्य दूध मिळूनही होणाऱ्या जुलाबांचे सर्वांत मोठे कारण हा सैल हातच आहे. आग्रह करकरून वाढणे हा आपल्या पंगतीचा गुण. पिल्लाच्या बाबतीत तो आवरावा.

रोज ठरल्या वेळी वजन करावे आणि वहीत मांडावे. कोणत्या वेळी किती मिलिलिटर दिले, शौच कसे झाले, वजन किती भरले, असा रोजमेळ. निरोगी पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढते. एक दिवस वजन वाढले नाही तर सावध व्हावे, घटले तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. आजाराची बाकीची लक्षणे डोळ्यांना दिसण्यापूर्वी तराजू सांगतो.

पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये. ते पोटावर, मान किंचित वर, जसे आईला लुचते तसे हवे. चमचा वा ड्रॉपर पिळून दूध तोंडात ओतले की ते फुप्फुसात जाते. लहान बुचाची बाटली किंवा सुई काढलेली सिरिंज घेऊन त्याच्या चोखण्याच्या वेगाने द्यावे. तीन आठवड्यांखालील पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई चाटून ते करवते. आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते करवावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार, तिसऱ्यात चार-पाच तासांनी पाजावे लागते, आणि त्यात रात्र सुटत नाही. आपल्यातील पुष्कळ घरांत सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. पण रात्रिभोजनत्याग हा आपला नियम आहे, पिल्लाचा नव्हे. रात्री दोन वाजता उठून पाजण्याची पाळी घरातील तरुण मुलांनी वाटून घ्यावी. नाहीतरी ती मोबाइल घेऊन जागीच असतात.

आता हगवणीविषयी. बाहेरच्या दुधावरील पिल्लाचे शौच मोहरीच्या पिवळसर रंगाचे आणि दंतमंजनाच्या लगद्याइतके घट्ट असते. पांढरट, दह्यासारखे असेल तर दूध पचत नाही, बहुधा जास्त होते आहे. हिरवट आणि पातळ असेल तर अन्न आतड्यातून धावते आहे. जास्त आहार किंवा जंतुसंसर्ग दोन्ही शक्य आहेत. काळे किंवा रक्तमिश्रित असेल तर विचार करत बसू नये. एक-दोन वेळा पातळ झाले, पण पिल्लू चोखते आहे, खेळते आहे, तर प्रथम प्रमाण तपासावे. एखाद्या वेळी दुधाऐवजी माणसांसाठी मिळणारे ओआरएस, पुडीवरील प्रमाणानेच एक लिटर पाण्यात विरघळवून, कोमट करून थोडे थोडे द्यावे. पुढच्या एक-दोन वेळा त्याच पाण्यात दूध निम्मे पातळ करावे, आणि मग पुन्हा पूर्ण. खोक्यात मिळणारे फळांच्या चवीचे गोड पेय हे ओआरएस नव्हे.

पोटाला विश्रांती म्हणून पिल्लाला उपाशी मात्र ठेवू नये. उपवासाचे सामर्थ्य आपल्या परंपरेने फार जाणले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मोठ्या देहात साठा असतो. पिल्लाच्या यकृतात तो नसतो, आणि काही तासांच्या लंघनाने रक्तातील साखर उतरून ते बेशुद्ध पडते. हिरड्या बोटाला कोरड्या, चिकट लागल्या, लघवी गडद पिवळी झाली, ओरडण्याचे बळ गेले, चोखणे थांबले, यांतील एकही गोष्ट दिसली तर घरगुती उपाय तेथेच संपतात. पशुवैद्य कातडीखाली सलाइन देतात. ते काम वाटीचमच्याने होत नाही. पिल्लू दवाखान्यात नेतानाही कापडात गुंडाळून, उबेची बाटली शेजारी ठेवून न्यावे.

घरगुती उपायांचा विषय निघालाच आहे. तान्ह्या बाळाला पातळ होऊ लागले की आपल्याकडे सहाणेवर जायफळ उगाळतात. ते मांजराला विषारी आहे. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क, कापूर, निलगिरीचे तेल यांतील तीव्र द्रव्ये माणसाचे यकृत निष्प्रभ करते. मांजराच्या यकृतात ती यंत्रणाच अपुरी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. जुलाब थांबवण्याच्या माणसांच्या गोळ्याही त्याच कपाटात राहू द्याव्यात. गोदाम धुण्यासाठी वापरतात ते फिनेलसुद्धा पिल्लांच्या जागी नको, कारण ते पंजाला लागते आणि चाटून पोटात जाते. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. या एका बाबतीत आपले स्वयंपाकघर मांजराला इतरांपेक्षा सुरक्षित आहे, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

दूध बरोबर, प्रमाण बरोबर, तरीही जुलाब थांबत नाहीत, तर जंतांचा संशय घ्यावा. गोल जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनच पिल्लांत येतात, म्हणून ज्याने जमिनीला तोंड लावलेले नाही त्याच्याही पोटात जंत असू शकतात. जंताचे औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, वजन पाहून देतात आणि दोन दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. हे जंत लहान मुलांनाही होतात. मुलांनी पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि घरातील गर्भवती स्त्रीने मांजराची विष्ठा साफ करू नये. दुसरा, याहून भयंकर शत्रू म्हणजे मांजरांचा पार्वो. काल खेळणारे पिल्लू आज मान टाकते, ओकते, पाण्याच्या वाटीपाशी बसून राहते पण पीत नाही. याचा विषाणू गोदामाच्या कोपऱ्यात वर्षभर टिकू शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देतात आणि ठरावीक अंतराने पुन्हा टोचतात. ज्या जागी पिल्ले अशी गेली, तेथे लस न टोचलेले नवे पिल्लू आणू नये.

येथवर वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात भगिनींचा दुसरा प्रश्न आधीपासून उभा असेल. चार-पाच आठवड्यांनंतर पिल्लाला दुधाच्या जोडीने घन आहार सुरू करावा लागतो, आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध सुटते. मांजर हे स्वभावाने नव्हे, शरीररचनेने मांसाहारी आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की आहारात टॉरिन नसेल तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून ते आंधळे होते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाचे स्नायू सैल पडून मरणाऱ्या मांजरांचा संबंध याच उणिवेशी जोडला. त्यानंतर उत्पादकांनी तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले. गाजरातील द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवणे मांजराला जमत नाही. दूधभात आणि दूधपोळी ही त्याची पोट भरण्याची सोय झाली, पोषण नव्हे. आमचे मांजर पूर्ण शाकाहारी आहे, असे कौतुकाने सांगणारी घरे मला ठाऊक आहेत. ते मांजर रात्री कोठे जाते हे मात्र ती घरे पाहत नाहीत. दुधभाताने राहिलेली उणीव ते आपल्याच गोदामातील उंदरांवर भागवते.

आपल्या शास्त्रकारांनी हे ओळखले होते. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण सांगितले, आणि त्यात धनासाठी मांजर, कुत्रा आदी प्राणी पाळणे येते. दिगंबर श्रावकाचारातही हिंस्र प्राणी पाळणे अनर्थदंडात गणले आहे. उंदीर मारावेत म्हणून पेढीवर मांजर ठेवणे या कक्षेत येते, हे आपण व्यापाऱ्यांनी स्वतःशी स्पष्टपणे मान्य करावे. धान्याची कोठारे बंदिस्त करणे आणि उंदरांच्या वाटा बुजवणे हा मार्ग खर्चाचा असला तरी मोकळा आहे. पण त्याच परंपरेत अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोधही आहे. आश्रयाला असलेल्या जिवाचे अन्नपाणी तोडणे हा अतिचार. मग ज्या अन्नावर तो जीव जगू शकत नाही तेच अन्न त्याच्यापुढे ठेवत राहणे, याला काय म्हणावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते अन्नपाननिरोधापासून फार दूर नाही.

या पेचातून वाट काढल्याचे एक उदाहरण दिल्लीत आहे. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. शाकाहारी पक्ष्यांना तेथे दाखल करून घेतात. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांना दाखल करत नाहीत, बाहेरच्या बाहेर उपचार करून पाठवतात. या भेदावर टीका होते, आणि ज्या घारीला आठवडाभर ठेवून घेण्याची गरज आहे तिच्या बाजूने पाहिले तर ती टीका मला खोटी वाटत नाही. तरीही त्यांनी आपली मर्यादा लपवलेली नाही, आणि मर्यादेच्या आत जेवढे करता येते तेवढे केले आहे.

मांजराच्या पिल्लाबाबत आपले सुदैव असे की सर्वांत कठीण काळ दुधाचा आहे. पहिले चार-पाच आठवडे, ज्यांत अनाथ पिल्ले सर्वाधिक दगावतात, ते आपल्या घराला कोणताही नियम न मोडता पूर्णपणे सांभाळता येतात. पुढचे आयुष्य आपल्याला सांभाळता येणार नसेल तर ते ज्याला येईल त्याच्या हाती पिल्लू द्यावे, आणि त्याची शोधाशोध पिल्लू घरी आणले त्या दिवसापासून सुरू करावी. मधल्या दोन-तीन आठवड्यांसाठी पिल्लांचे तयार कोरडे खाद्य लागते. त्यात मांस वा मासळी असते, हे मनाला समजावून घ्यावे. काही घरे ते स्वयंपाकघराबाहेर, ओसरीत वेगळ्या भांड्यात ठेवतात. काही घरांत शेजारी ती जबाबदारी घेतात. काही घरांना दोन्ही अमान्य असते, त्यांनी पाचव्या आठवड्यातच पिल्लू दुसऱ्या घरी सोपवावे. शाकाहारी म्हणून विकले जाणारे मांजराचे खाद्यही आता निघाले आहे. मोठ्या मांजरांबाबत त्यावर मतभेद आहेत. वाढत्या पिल्लावर मात्र तो प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे घर पाहताना केवळ आवड पाहू नये, पशुवैद्यांचा खर्च करण्याची तयारी आहे काय ते विचारावे. वयात आल्यावर मादीची शस्त्रक्रिया करून घेण्याचे वचनही घ्यावे, नाहीतर वर्षाच्या आत गाठींच्या आडोशाला पुन्हा चार पिल्ले दिसतील. पिल्लू देताना वजनाची ती वही, जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा, आणि सध्या चालू असलेले खाद्य निदान आठ दिवस पुरेल एवढे बरोबर द्यावे. नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून सहा-सात दिवसांत बदलायला सांगावे. नवे घर आणि नवे अन्न एकाच दिवशी आले, की सावरलेले पोट पुन्हा बिघडते.